नंबर एकचे तीस जुळे

इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या आमच्या मराठी मंडळात मला ‘भविष्यवाल्या ताई’ म्हणतात. चूक माझीच. नवीन आले होते तेव्हा एका हळदीकुंकवाला कोणीतरी विचारलं, तुम्ही काय करता, आणि मी खरं ते सांगून टाकलं: अमेरिकेत बेसबॉलचा सीझन सुरू व्हायच्या आधी कुठला खेळाडू किती खेळेल आणि कुठला संघ किती सामने जिंकेल, याचं भाकीत करते. तेव्हापासून गणपतीच्या आरतीनंतर हॉलच्या कोपऱ्यात कोणी ना कोणी मला गाठतंच. मागच्या खेपेला पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका सॉफ्टवेअरवाल्याने स्वतःची पत्रिका फोनवर उघडून माझ्यापुढे धरली. “माधुरीताई, व्हिसा एक्स्टेंशन या इयरला होईल का, तेवढंच बघा ना. तुमचं अ‍ॅक्युरेट असतं म्हणे.” मी म्हटलं, बाबा रे, मी ग्रह बघत नाही, आकडे बघते. त्याला त्यात काही फरक दिसला नाही. आता निवृत्त झाल्यावर खरं सांगायचं तर मलाही फारसा दिसत नाही.

मंडळाच्या अंकाच्या संपादकबाईंनी ‘नोकरीतले गमतीदार अनुभव’ लिहा म्हणून सांगितलंय. गमतीदार आहेत तेवढे आधी लिहिते. नंतरचं त्यांना छापावंसं वाटलं तर छापावं.

धंदा समजायला सोपा आहे. फेब्रुवारीत एकेक खेळाडू घ्यायचा. त्याचं वय, बांधा, गेल्या काही वर्षांची कामगिरी मशीनमध्ये घालायची. मशीन म्हणजे लोखंडी काही नव्हे, आमचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम. पण ऑफिसात सगळे त्याला मशीनच म्हणत. ते जुन्या नोंदी चाळतं आणि त्याच वयाचे, त्याच बांध्याचे, तसेच चढउतार असलेले तीस जुने खेळाडू शोधून काढतं. त्यांना आम्ही जुळे म्हणायचो. ते तीस जण पुढच्या वर्षी काय करून गेले ते बघायचं, सरासरी काढायची, की झालं भाकीत. आपल्यासारखे आपणच, असं प्रत्येकाला वाटतं. माझा अनुभव असा, की प्रत्येकाला निदान तीस जुळे असतात आणि त्यातले बहुतेक मेलेले असतात.

मी नागपूरची, घरात सगळं क्रिकेट. बेसबॉलचा सामना मी नोकरी लागल्यावर तीन वर्षांनी पहिल्यांदा पाहिला, तोही टीव्हीवर, आणि विलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, अर्ध्या तासात तो बंद करून टाकला. आमची गिऱ्हाइकंही काही कमी नव्हती. नॉरफोकमधल्या एक निवृत्त शिक्षिका आमची भाकितांची पुस्तिका दर वर्षी विकत घ्यायच्या. त्यांनी आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता. ऑक्टोबरमध्ये सीझन संपला की ती पुस्तिका लाल शाईने तपासून आम्हाला परत पाठवायच्या. एका वर्षी शेरा होता, ‘दहापैकी सहा. हुशार आहात, पण फार घाई करता.’ तो कागद आम्ही किटलीच्या वर भिंतीला लावला होता. पुढे त्या कागदाकडे बघायचं टाळायची पाळी माझ्यावर आली, ते नंतर.

एकदा अमेरिकेहून एका पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, फोन आला. खुद्द खेळाडूने फोन करायची आमच्या ऑफिसातली ती एकच वेळ. आम्ही त्याच्यासाठी गेल्या वर्षीच्या निम्मेच सामने वर्तवले होते. मला वाटलं, आता शिव्या ऐकाव्या लागणार. पण तो अगदी हळू बोलत होता. त्याने विचारलं, माझ्या कोपराचं तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं, कुठलं कोपर? मग म्हणाला, मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि त्याने फोन ठेवला. त्याच्या कोपराबद्दल आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याचा चेंडू शेवटच्या दोन महिन्यांत केसभर हळू झाला होता, एवढंच मशीनला दिसलं होतं. आणि तसाच केसभर हळू झालेल्या तीस जणांचं पुढे काय झालं, ते त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी मी खिडकीपाशी उभी राहून चहा घेतला. बाहेर धुकं होतं आणि त्यात कुठेतरी बदकं ओरडत होती. आपण ज्याला आकडे म्हणतो त्यात माणसाचं शरीर आत बसलेलं असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि मला ते आवडलं नाही.

त्या फोननंतर गॅरेथने नियम केला: भाकीत खेळाडूला स्वतः होऊन कधीही सांगायचं नाही. त्याच्या संघाच्या क्लबला द्यायचं, पुस्तिकेत छापायचं, त्याने वाचलं तर वाचलं. पण आपण फोन उचलून सांगायचं नाही.

गॅरेथ म्हणजे आमचं मशीन ज्याने मुळात लिहिलं तो. कार्डिफचा, माझ्याहून काही वर्षांनी मोठा, एकटा राहणारा, अंगाने दणकट, बोलायला गोड. ऑफिसात बेसबॉलवर खरं प्रेम असलेला तेवढाच. वेल्समध्ये त्यांचा स्वतःचा बेसबॉल आहे, हे मला त्याच्याकडून कळलं. चेंडू खांद्याखालून टाकतात आणि धावायचं ते एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे. आता तिथे संघ जेमतेम उरलेत, पण गॅरेथच्या आजोबांपासून घरात तो खेळ होता आणि पन्नाशी उलटली तरी हा उन्हाळ्यातल्या शनिवारी कार्डिफला जाऊन खेळायचा.

मशीनची चाचणी घ्यायला एक असा खेळाडू लागतो, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. गॅरेथने स्वतःलाच घातलं होतं. नंबर एक. कार्डिफच्या सामन्यांचे आकडे अमेरिकन मापात बसवण्याचं कोष्टक त्याने स्वतः केलं होतं आणि वयातून वीस वर्षं सरळ वजा केली होती. मी विचारलं तर म्हणाला, वेल्सची हवा चांगली आहे. दर फेब्रुवारीत खरी भाकितं काढण्याआधी आम्ही नंबर एकला मशीनमध्ये घालायचो. उत्तर साधारण ठरलेलं: शंभरेक सामने, फटके बरे, पळणं मंद. ते आलं की मशीन ठीक आहे असं समजायचं. मग गॅरेथ त्याच्या बहिणीने, कॅरिसने, पाठवलेला चहात भिजवलेल्या मनुकांचा केक कापायचा, मी चिवडा आणायची आणि आमचा सीझन सुरू व्हायचा. बाहेरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. आम्हाला ती मुहूर्ताची पूजाच होती.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मंगळवार होता, केकचा आदला दिवस. गॅरेथ सकाळी येणार नव्हता. मी म्हटलं, उद्या घोटाळा नको, आजच नंबर एकला एकदा घालून बघू. मशीनने उत्तर दिलं: सामने, शून्य.

मी पुन्हा घातलं. शून्य. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, हा आमच्या धंद्यातला रामबाण उपाय. शून्य.

मग मी जुळ्यांची यादी उघडली. तीस नावं होती, आणि पुढच्या वर्षाच्या रकान्यात तिसांपुढे काहीच नव्हतं. एकाच्याही नाही. इतक्या वर्षांत अशी यादी मी पाहिली नव्हती. नावावर टिचकी मारली की अमेरिकेतल्या जुन्या वर्तमानपत्रांमधलं त्या खेळाडूचं कात्रण उघडायचं. मी पहिलं उघडलं. हॉटेलच्या खोलीत सकाळी मृतावस्थेत आढळला. दुसरं उघडलं. जेवून उठला आणि जिन्यात कोसळला. तिसरं. अचानक. चौथं. अचानक. चौथ्याचा फोटोही होता, टोपी मागे सरकवून हसणारा, आणि तो गॅरेथसारखा अजिबात दिसत नव्हता, याचा मला एवढा आनंद झाला की माझी मलाच भीती वाटली. पाचव्या नावावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. मला आणखी वाचायचं नव्हतं.

आमच्या धंद्यात नव्या माणसाला पहिला धडा देतात: रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. नोंद नाही म्हणजे फक्त नोंद नाही. हरवली असेल, कोणी लिहिली नसेल. मी तो धडा घट्ट धरला. मशीन रिकाम्या जागा शून्य म्हणून मोजत होतं, म्हणजे मशीनमध्ये दोष आहे, असं मी ठरवलं. ती ओळ शोधून काढली. ती गॅरेथने लिहिलेली होती आणि बाजूला त्याची टीप होती, ‘जे परत आले नाहीत, तेही मोजायचे.’ मी टीप वाचली. वाचूनही ती ओळ काढली आणि तिथे माझी घातली: पुढच्या वर्षाची नोंद नसेल तर त्याला जुळा धरू नये. मशीनने निमूटपणे पहिले तीस टाकून दिले आणि दुसरे तीस आणले. सामने, एकशेचार. फटके बरे, पळणं मंद. मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसले.

पण चोराच्या मनात चांदणं. घरी विलासला सांगितलं. तो वित्तखात्यातला माणूस, आकड्याला घाबरत नाही. तो म्हणाला, “अगं, मशीनचं राहू दे. त्याला सांग ना, एकदा जीपी डॉक्टरला दाखवून ये म्हणून. त्यात काय जातंय?” मी म्हटलं, भाकीत खेळाडूला सांगायचं नाही असा त्याचाच नियम आहे. विलास म्हणाला, “तो खेळाडू आहे का? मित्र आहे तुझा.” मी म्हटलं, पुस्तिका छापून जाऊ दे, मग सांगते. फार घाई करता, असं नॉरफोकच्या त्या बाईंनी लिहिलं होतं. नको तिथे घाई केली आणि हवी तिथे केली नाही.

बुधवारी गॅरेथ केक घेऊन आला. एरवी आल्या आल्या सुरी शोधायचा. त्या दिवशी डबा न उघडता, कोट अंगात ठेवूनच माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.

“नंबर एकचं काय म्हणतंय?”

“एकशेचार,” मी म्हटलं. “पळणं मंद.”

तो पडद्याकडे बघत राहिला. इतका वेळ, की मी मागे वळून पाहिलं.

“तू स्वतः काढलंस हे? मशीन तपासून?”

“मी स्वतः. एक दोष होता, तो काढला.”

त्याने श्वास सोडला, कोट काढला आणि म्हणाला, “तू तपासलंस म्हणजे बरोबरच असणार.” मग केक कापला. मी धीर करून विचारलं, की या वयात एकदा सगळ्या तपासण्या करून घ्याव्यात, नाही का. तो हसून म्हणाला, एकशेचार सामने खेळणाऱ्याला काय झालंय? त्या दिवशी त्याने केकचे तीन तुकडे खाल्ले.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी, कार्डिफमध्ये, सीझनच्या पहिल्याच सामन्यात त्याने चेंडू लांब मारला, पहिला खांब ओलांडला, दुसऱ्यापर्यंत पोचला, खांबाला हात लावला आणि खाली बसला. सगळ्यांना वाटलं, दम लागलाय. पुढच्या माणसाने फलंदाजीची तयारीही केली होती. गॅरेथ उठला नाही.

अंत्यविधीला मी गेले होते. त्याचा संघ खेळाच्या कपड्यांत आला होता. धावसंख्या लिहिणाऱ्या म्हाताऱ्याने मला वही दाखवली. गॅरेथपुढे दोन धावा मांडलेल्या होत्या, कारण दोन खांब पूर्ण झाले होते. तो बाद झाला असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढचे चौकोन नुसते रिकामे होते.

जूनमध्ये कॅरिस त्याचं सामान न्यायला ऑफिसात आली. टेबलावरची डायरी चाळताना एका पानावर थांबली आणि तिने ती माझ्यापुढे ठेवली. फेब्रुवारीतला मंगळवार: ‘सकाळी आठ, डॉक्टरकडे फोन.’ त्याच आठवड्यातला शुक्रवार: ‘डॉक्टर, साडेनऊ.’ शुक्रवारच्या नोंदीवर पेन्सिलीने काट मारली होती आणि शेजारी एक आकडा लिहिला होता, १०४.

“तो डॉक्टरचं नाव काढू द्यायचा नाही,” कॅरिस म्हणाली. “मग आपण होऊन अपॉइंटमेंट घेतली आणि आपण होऊन रद्द का केली असेल? आणि हे एकशेचार काय आहे?”

मी म्हटलं, ऑफिसातला कसला तरी आकडा असेल. ती डायरी घेऊन गेली.

मशीन कोण कधी वापरतं आणि काय उघडतं, याची नोंद राहते. ती बघायची मला ऑक्टोबरपर्यंत हिंमत झाली नाही. गॅरेथने नंबर एक माझ्या आधी घातला होता, सोमवारी दुपारी. त्याला शून्य मिळालं होतं. मग त्याने जुळ्यांची कात्रणं उघडली होती. मी चारांवर थांबले होते. त्याने तीसच्या तीस वाचली होती.

म्हणजे बुधवारी तो माझ्या खुर्चीमागे उभा होता तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. तो मला आकडा विचारत नव्हता. तो मला विचारत होता, माधुरी, हे खरं आहे का. आणि आकड्यांच्या बाबतीत तो स्वतःपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवायचा, हे मला माहीत होतं.

यानंतर तरी मी माझी ओळ काढायला हवी होती. नाही काढली. काढली तर का काढली ते सांगावं लागलं असतं. गंमत बघा, माझ्या ओळीमुळे आमची भाकितं थोडी गोड झाली आणि क्लबांना ती आवडली. आमच्या मशीनमधून कोणी नाहीसं व्हायचंच बंद झालं. सगळे पुढच्या वर्षी खेळणार. दर फेब्रुवारीत चाचणीसाठी नंबर एकला घालायची पद्धत चालूच राहिली. गॅरेथ गेल्यावर पहिल्या वर्षी त्याला आले अठ्ठ्याण्णव सामने. पुढच्या वर्षी एक्क्याण्णव. मग सत्त्याऐंशी. दर वर्षी थोडा मंद होत, पण खेळत होता. नवीन लागलेल्या मुलींना तो नुसता चाचणीचा नंबर वाटायचा. एकीने एकदा कौतुकाने म्हटलं, “धिस चॅप जस्ट कीप्स गोइंग, डझन्ट ही?” मी हो म्हटलं. त्याची रिकामी खुर्ची माझ्या पाठीमागे होती. आठ वर्षं मी त्या चाचणीच्या दिवशी मागे वळून पाहिलं नाही. केक बंद झाला, पण त्या सकाळी भिजलेल्या मनुकांचा वास मला यायचा. कोणाला विचारलं नाही, त्यांनाही येतो का.

या फेब्रुवारीत माझा शेवटचा सीझन होता. शेवटच्या दिवशी दुपारी निरोपाचं खाणं चाललेलं असताना मी माझ्या टेबलाशी आले आणि ती ओळ काढली. गॅरेथची ओळ होती तशी परत घातली, त्याच्या टिपेसकट. काय केलं आणि का केलं, ते आमच्या साहेबांना लिहून दिलं. गॅरेथ गेला त्या वर्षीचे त्याचे आकडे मशीनने अजून जपून ठेवले होते. नंबर एक घातला. सामने, शून्य. आणि त्याखाली ते तीस जण, नऊ वर्षांपूर्वीच्याच क्रमाने, जणू रांगेत उभे राहून वाट बघत होते.

मी पाचवं नाव उघडलं.

छोट्या गावच्या वर्तमानपत्रातलं कात्रण होतं. हा खेळाडू धावताना दम लागतो म्हणून बायकोच्या आग्रहावरून डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी हृदय अशक्त आहे म्हणून सांगितलं आणि खेळ बंद करायला लावला. त्याने गावात खिळेमोळ्यांचं दुकान टाकलं. नातवंडं पाहिली. एक्क्याऐंशीव्या वर्षी झोपेत गेला. सहावा अचानक गेला होता. सातवाही डॉक्टरकडे गेलेला होता, आणि वाचलेला. मी तिसाव्यापर्यंत गेले. जे वेळेवर डॉक्टरकडे गेले ते बहुतेक सगळे म्हातारे होऊन मेले. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे, हे मी सगळ्यांना शिकवत आले, आणि मीच चार कात्रणं वाचून ती मरणाने भरून टाकली.

पाचवं कात्रण मी छापून घेतलंय. ते कॅरिसला नेऊन द्यायचं आहे आणि एकशेचार म्हणजे काय, तेही तिला सांगायचं आहे. कार्डिफचं तिकीट दोनदा काढलं आणि दोनदा गेले नाही. हे आधी मराठीत लिहिते आहे, कारण तिला मराठी वाचता येत नाही.

गॅरेथने ते कात्रण सोमवारी वाचलं होतं. मंगळवारी सकाळी आठ वाजता त्याने डॉक्टरकडे फोन केला. बुधवारी मी त्याला एकशेचार सांगितले.